मत वाया जाऊ नये म्हणून



"आपले मत वाया गेले," असे प्रत्येक निकालानंतर आपल्या वस्तीत ऐकू येते. स्कॉटलंडने यावर काय केले, एवढेच आम्ही मांडणार आहोत.

६ मे १९९९ रोजी तेथील नव्या संसदेची पहिली निवडणूक झाली. जागा १२९. प्रत्येक मतदाराला दोन मते : एक मतदारसंघातील उमेदवाराला, दुसरे विभागातील पक्षाच्या यादीला. ७३ जागा मतदारसंघांच्या. ५६ आठ विभागांच्या, प्रत्येकी सात. यादीची जागा देताना पक्षाच्या मतांना, त्याने त्या विभागात जिंकलेल्या जागा अधिक एक, या संख्येने भागतात. ज्याचा भागाकार मोठा, त्याला जागा. मग पुन्हा भागाकार. (आम्ही बँकेतली माणसे, तरी कागद-पेन्सिल घ्यावीच लागली!) ज्याचे ताट भरले, त्याच्यासाठी वाढप्याचा हात आखडतो.

हुजूर पक्षाला एकही मतदारसंघ मिळाला नाही, यादीतून मात्र १८ जागा मिळाल्या. वास्तविक १९९७ च्या सार्वमतात या संसदेलाच त्याचा विरोध होता. ५३ मतदारसंघ जिंकूनही मजूर पक्ष एकूण ५६ वर थांबला.

बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत ही पद्धत नाकारली. कारणे : निरक्षरता, अस्थिर सरकारची भीती, आणि राखीव जागांची तरतूद झालेली होती. पहिले कारण आता तितके उरलेले नाही. दुसऱ्याविषयी सांगायचे तर, मजूर व लिबरल डेमोक्रॅट यांची ती आघाडी पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकली. तिसऱ्याबद्दल आमची शंका अशी : राखीव जागेवरचा उमेदवार आपला, पण तो निवडून येतो कोणाच्या मतांवर?