दोन सुतार

सह्याद्रीच्या ओल्या रानांत, सिंधुदुर्ग-गोव्यापासून थेट केरळपर्यंत, कावळ्याहून मोठा असा एक काळा सुतार पक्षी राहतो. पोट पांढरे, आणि नराच्या माथ्यावर लालभडक तुरा. अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीच्या अरण्यांत ह्याच थाटाचा एक सुतार नांदत असे. त्याचा पांढरा रंग मात्र पोटावर नव्हे, तर मिटलेल्या पंखांवर. आणि चोच हस्तिदंती. कुळ एक, शाखा निराळ्या. पण दोघांचाही संसार जुन्या, वठलेल्या झाडांच्या आधारावर.

आपला सुतार अशा खोडातून किड्यांच्या अळ्या काढतो. मुंग्याही खातो. अमेरिकन पक्षी मोठा चोखंदळ. नुकत्याच मेलेल्या झाडाची साल सोलून तिच्याखालच्या अळ्या खाव्यात, हा त्याचा मुख्य आहार. आणि झाड मेल्यावर दोन-तीन वर्षांतच तो सरतो. मग दुसरे झाड शोधणे आले. जेम्स टॅनर ह्या अभ्यासकाने १९३७ ते १९३९ ह्या काळात त्यांच्यामागे हिंडून हिशेब मांडला, की एका जोडीला सुमारे सहा चौरस मैल अरण्य लागते. एवढ्यात आपली दोन-तीन गावे मावतील! आपल्याकडे वठलेले झाड म्हणजे सरपण. ते राखून ठेवावे, असे कोणाच्या मनात येणार?

टॅनरने पाहिलेले अरण्य लुइझियानात, शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीच्या मालकीचे होते. लाकूडतोडीचे हक्क विकले गेले. पक्षिप्रेमींनी परोपरीने विनवले, पण महायुद्धाचे दिवस, लाकडाला मागणी. कुऱ्हाड थांबली नाही. १९४४ च्या एप्रिलमध्ये डॉन एकेलबेरी हा चित्रकार तेथे गेला, तेव्हा उरल्यासुरल्या झाडांत एकटी मादी होती. तिची त्याने चित्रे काढली. सर्वमान्य अशी तीच अखेरची नोंद. पुढे २००५ साली आर्कान्सामध्ये पक्षी दिसल्याचा गाजावाजा झाला, पण पुराव्याने सर्वांचे समाधान झाले नाही. २०२१ मध्ये जात नष्ट झाल्याचे जाहीर करण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. २०२३ मध्ये तो निर्णय लांबणीवर टाकला.

मात्र १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन आणि त्यांचे सहकारी खेचरांच्या गाडीतून ध्वनिमुद्रणाची अवजड यंत्रे त्या दलदलीत घेऊन गेले होते. तो आवाज त्यांनी टिपला, म्हणून आज ऐकता येतो: पत्र्याच्या पिपाणीसारखा, थोडासा हास्यास्पदच. आपल्या काळ्या सुताराची आरोळी ऐकायला यंत्र लागत नाही.