काचेच्या तळ्याचा सांडवा



कुरखेड्याहून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या काठालाच. आपल्याला मात्र बाजारात तयार मिळणारं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, गोड्या पाण्यात विरघळवून समुद्र घरीच करावा लागतो. तो मी केला आणि पहिल्याच महिन्यात घरभर सांडलासुद्धा. तुमच्या हातून तसं होऊ नये, म्हणून आज बोलतो आहे.

मत्स्यपेटीखालच्या कपाटात शुद्धीकरणाची दुसरी पेटी बसवतात. तिला म्हणतात 'सम्प'. कामगारांच्या संपाशी तिचा संबंध नाही! आपल्या मामा तलावाला सांडवा असतो ना, तसाच वरच्या पेटीलाही असतो. सांडव्यावरून जादा पाणी पाईपने खाली येतं. पहिल्या कप्प्यात कापडी पिशवी गाळ अडवते. दुसऱ्यात स्किमर बारीक बुडबुडे सोडतो; घाण बुडबुड्यांना चिकटते आणि फेसाबरोबर वरच्या कपात जमते. तो कप काढायला वर जागा हवी, म्हणून कपाटाची उंची आधी मोजा. तिसऱ्या कप्प्यातला पंप पाणी पुन्हा वर चढवतो.

माझी चूक काय झाली? सम्प अर्धा रिकामा दिसला, म्हणून मी तो काठोकाठ भरला. रात्री लाईन गेली. पंप थांबला, पण वरचं पाणी उतरतच राहिलं. सकाळी आई म्हणाली, "पाळ फुटली का रे?"

हिशेब सोपा होता. चार फूट लांब, दीड फूट रुंद पेटीतलं पाणी दोन इंच उतरलं, तरी सुमारे २८ लिटर खाली येतं. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामीच हवी. परतीच्या पाईपचं तोंड पाण्यात खोल असेल, तर तोही उलटं पाणी ओढतो. म्हणून त्याला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडायचं. हवा शिरली की ओढ तुटते. मिठाने ते भोक बुजतं, अधूनमधून साफ करा.

मासे आणण्याआधी साध्या पाण्यावर पंप मुद्दाम बंद करून पाहा. सगळं पाणी उतरल्यावरही सम्प काठाखाली राहिला पाहिजे. मग पंप सुरू करा, पाणी स्थिरावलं की सम्पवर रेघ मारा. त्या रेघेवर पाणी कधीच नको. वायर प्लगपेक्षा खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळ बोर्डात जाणार नाही.

उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घाला. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे आणू नका. लाईन गेल्यावर मासे गुदमरू नयेत म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्या. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कुणी दिले तरी घेऊ नका.

आणि काढलेलं खारं पाणी बोडीत, बांधीत ओतू नका. घरातला समुद्र घरातच बरा.