फसवणुकीचे पत्र आणि फसलेल्याची लाज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



ई-मेलद्वारे होणाऱ्या फसवणुकीचा विषय निघाला की चर्चेचा सूर बहुधा ठरलेला असतो. फसला तो लोभी असेल, नाही तर भोळा असेल. शिकल्यासवरल्या माणसाने सावध राहावे म्हणजे झाले! हा निष्कर्ष सोयीचा आहे, आणि ज्या संस्थांच्या हातून लोकांचा पैसा निसटतो त्यांना तर तो फारच सोयीचा आहे. म्हणून या विषयाचा आरंभ एखाद्या भोळ्या माणसापासून न करता एका देशाच्या मध्यवर्ती बँकेपासून करणे इष्ट ठरेल.

२०१५ सालाच्या आरंभी ढाक्यातील बांगलादेश बँकेच्या काही कर्मचाऱ्यांना एका नोकरी मागणाऱ्या इसमाचे विनयशील पत्र ई-मेलने आले. आपली माहिती व शिक्षणाचा तपशील सोबतच्या लिंकवर आहे, तो कृपया पाहावा, एवढीच त्याची विनंती होती. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१८ साली एका उत्तर कोरियाई इसमाविरुद्ध जी तक्रार जाहीर केली, तिच्यात हा सारा तपशील आला आहे. काही संगणकांवरून ती लिंक उघडली गेली आणि चोरांना बँकेच्या आतील वाट सापडली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांनी काहीही चोरले नाही. ते पाहत राहिले, बँकेच्या व्यवहाराची रीत शिकत राहिले.

४ फेब्रुवारी २०१६ हा गुरुवार होता. शुक्रवार-शनिवार ही बांगलादेशातील साप्ताहिक सुटी. त्या रात्री बांगलादेश बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आदेश गेले. त्यांची एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर होती. ढाक्यातील जो प्रिंटर अशा व्यवहारांची नोंद कागदावर छापत असे, तो नेमका बंद पडला होता. प्रकार लक्षात येऊन न्यूयॉर्कशी संपर्क साधू म्हणेपर्यंत तिकडे शनिवार-रविवारची सुटी लागली, आणि सोमवारी मनिला शहरात चिनी नववर्षाची सुटी होती. चोरांचे पंचांग पक्के होते, असेच म्हणावे लागते.

बहुतेक आदेश अडले, परंतु ते कोणाच्या दक्षतेमुळे अडले म्हणावे तर तसेही नाही. मनिलातील ज्या बँक-शाखेत पैसा जायचा होता ती ज्युपिटर नावाच्या रस्त्यावर होती. त्याच नावाची एक जहाज कंपनी अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत होती, म्हणून यंत्राने शंका घेतली. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर 'फाउंडेशन' या शब्दाच्या चुकीच्या स्पेलिंगमुळे परतले. उरलेले ८ कोटी १० लाख डॉलर मात्र मनिलातील बनावट नावांच्या खात्यांत पोहोचले आणि तेथून जुगारगृहांत मुरले. फिलिपाइन्सचा काळ्या पैशाविरुद्धचा कायदा त्या वेळी जुगारगृहांना लागूच नव्हता; तो लागू झाला २०१७ साली. बांगलादेश बँकेचे गव्हर्नर अतिउर रहमान यांनी मार्च २०१६ मध्ये राजीनामा दिला. मनिलातील शाखेच्या व्यवस्थापिकेला २०१९ साली शिक्षा झाली. पैशाचा थोडासाच भाग हाती आला. उरलेल्यासाठी न्यायालयांतील लढाया वर्षानुवर्षे चालल्या.

हा पैसा कोणाचा होता? बांगलादेशाची परकीय गंगाजळी भरते ती प्रामुख्याने शिवणाच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायांच्या आणि आखातात घाम गाळणाऱ्या मजुरांच्या कमाईतून. आणि ज्या कर्मचाऱ्याने ते पत्र उघडले त्याने कोणता लोभ धरला होता? कोणताही नाही. आलेला अर्ज वाचणे हे सौजन्याचे, किंबहुना कर्तव्याचेच काम होते.

फसवणुकीच्या पत्राचे जुने रूप वेगळे होते हे खरे. परदेशी तुरुंगात अडकलेल्या धनिकाला सोडवा आणि त्याच्या खजिन्यात वाटेकरी व्हा, अशी पत्रे युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातही टपालाने जात असत. पुढे ई-मेलच्या काळात त्या धनिकाच्या जागी नायजेरियातील दिवंगत अधिकाऱ्याची विधवा आली. तेथील दंडविधानाच्या ज्या कलमाखाली असा गुन्हा येतो त्यावरून त्या पत्रांना 'चारशे एकोणीस' असे नाव पडले. (आपल्याकडचे कलम एका आकड्याने पुढे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक ३१८ झाला. लोकांच्या तोंडी मात्र ते चारशेवीसच राहील.) ही पत्रे इतकी बाळबोध का असतात, याचे मार्मिक उत्तर मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली दिले. शंकेखोर माणसाने पहिल्याच ओळीला पत्र फेकून द्यावे हेच धूर्ताला हवे असते. त्यामुळे पुढचे श्रम जो नक्की फसेल त्याच्यावरच खर्च होतात. म्हणजे त्या पत्रातील मूर्खपणा वाचकाचा नसून तो धंद्याच्या हिशेबाचा भाग आहे.

परंतु या जुन्या पत्रांवरून लोकांच्या मनात एक समज घट्ट बसला: फसवणुकीचे पत्र अशुद्ध असते, हास्यास्पद असते, आणि ते लोभाला हाक घालते. आज हा समजच धोक्याचा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी निर्दोष मराठीत, सरकारी वळणाच्या भाषेत, हुबेहूब बोधचिन्हासह पत्र तयार करणे आता कोणालाही शक्य आहे. आणि त्याची हाक लोभाला क्वचितच असते. ती असते भीतीला, गरजेला आणि आज्ञाधारकपणाला. खाते आज रात्री बंद होईल; प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला आहे, खात्याचा तपशील भरा; साहेब बैठकीत आहेत, ही रक्कम ताबडतोब पाठवा. एका लिथुआनियन इसमाने तैवानमधील एका पुरवठादार कंपनीच्या नावाची दुसरी कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि तिच्या नावाने खोटी बिले ई-मेलने पाठवून २०१३ ते २०१५ या काळात गूगल व फेसबुक या दोन कंपन्यांकडून बारा कोटींहून अधिक डॉलर उकळले. २०१९ साली त्याला अमेरिकेत पाच वर्षांची कैद झाली. ज्या कंपन्या जगाची टपालपेटी सांभाळतात त्यांच्या हिशेबनिसांना जे ओळखता आले नाही, ते निवृत्त शिक्षिकेला का ओळखता आले नाही, असा सवाल करण्याचा अधिकार मग कोणाला उरतो?

तेव्हा पत्राची परीक्षा त्याच्या रूपावरून न करता त्याच्या मागणीवरून करावी. पत्र काय मागते? पैसा, पासवर्ड, ओटीपी, एखादी फाइल उघडण्याची कृती, किंवा आधीपासून ठाऊक असलेल्या खात्याऐवजी नव्या खात्यात भरणा: यांपैकी काही मागत असेल, आणि त्यासाठी घाई करत असेल, किंवा कोणाला सांगू नका असे बजावत असेल, तर ते कोणाच्याही नावाने आलेले असो, तेथे थांबावे. पाठवणाऱ्याचे जे नाव ठळक दिसते ते कोणीही काहीही लिहू शकतो. त्यामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा लागतो. वेबस्थळाचा पत्ता तर उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय लावावी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना आपापली वेबस्थळे त्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. ही चांगली खूण आहे, पण ती शेवटीच असली पाहिजे. 'बँक डॉट इन' ही अक्षरे मध्येच येऊन पुढे दुसरेच नाव आणि 'डॉट कॉम' असेल, तर तो पत्ता त्या दुसऱ्याचा.

आणि तरीही पत्ता खरा असून पत्र खोटे असू शकते, कारण ओळखीच्या माणसाचीच टपालपेटी चोराच्या ताब्यात गेलेली असते. अशा वेळी एकच उपाय खात्रीचा आहे. त्या पत्राला उत्तर न देता, त्यातील फोन क्रमांकही न वापरता, आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर त्या माणसाला विचारावे.

गरजेला हाक घालणाऱ्या पत्रांविषयी अधिक बोलले पाहिजे, कारण कार्यकर्त्यांकडे येणारी तरुण मुले याच जाळ्यात सापडतात. नामांकित कंपनीच्या नावाचे नेमणूकपत्र येते. प्रशिक्षणाची किंवा लॅपटॉपची म्हणून अनामत मागितली जाते, ती पहिल्या पगाराबरोबर परत मिळेल असे आश्वासनही असते. नोकरी देणारा नोकरी मागणाऱ्याकडे पैसे मागतो, येथेच खरे तर उलगडा व्हावा. परंतु तीन वर्षे घरी बसलेल्या पदवीधराला तो होत नाही, आणि याचे कारण त्याच्या अकलेत शोधणे हा निर्दयपणा आहे.

या जाळ्याचे दुसरे टोक आणखी भयंकर आहे. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी देतो म्हणून समाजमाध्यमांवरील जाहिरातींतून आणि दलालांमार्फत नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमेवरील वसाहतींत कोंडून त्यांच्याकडून इतरांना फसवण्याचे काम करून घेतले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात अशा वेठबिगारांचा अंदाज म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख असा दिला. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधील मे सॉट येथून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. म्हणजे फसवा संदेश लिहिणारा हात पुष्कळदा स्वतःच बांधलेला असतो. परदेशी नोकरीचे पत्र घेऊन कोणी आला तर दलाल सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदलेला आहे काय, हे त्याच्यासमोर बसून पाहावे.

आता फसवणूक झाल्यानंतरचा प्रश्न. येथे घड्याळ महत्त्वाचे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असा फिरत जातो. ही साखळी तुटण्याआधी गोठवता आला तरच तो वाचतो. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यावर आणि आपल्या बँकेला एकाच वेळी कळवावे, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा. ते पत्र रागाने पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे. पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावा. एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते: टपालपेटीत शिरलेला चोर सर्व पत्रांची प्रत गुपचूप स्वतःकडे जावी अशी व्यवस्था करून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी ती चालू राहू शकते, म्हणून पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती शोधून काढावी.

प्रत्यक्षात मात्र हा पहिला तास लाजेत जातो. घरी काय सांगू, मुलगा काय म्हणेल, या विचारात माणूस दोन दिवस गप्प बसतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणांत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला तोशीस नाही, असेही त्यात म्हटले. मात्र ग्राहकाने निष्काळजीपणे गुप्त तपशील दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. या 'निष्काळजी' शब्दाच्या खिंडीतच गरीब खातेदार अडवला जातो. शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" आणि मान खाली जाते. पण त्या परिपत्रकानुसार कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे, हेही त्याला कोणी सांगत नाही. म्हणून तक्रार लेखी द्यावी, तिच्यावर वेळ घालावी, पोच घ्यावी. आणि कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर शाखेत जावे.

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले तरी, ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना सक्तीची झाली, आणि तिचा भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा सोसावा असे ठरले. तेथे भांडवलशाही संपली आहे अशातला भाग नाही! चोराचे खाते ज्या बँकेने उघडू दिले तिच्या खिशाला चाट बसली तरच ती खाते उघडताना डोळे उघडे ठेवील, एवढा साधा विचार त्यामागे आहे. आपल्या मागण्यांत त्याला स्थान मिळाले पाहिजे.

तोवर आपल्या युनियनच्या, पतसंस्थेच्या, ग्रंथालयाच्या कचेरीत एक ठराव करता येईल. ई-मेलने आलेल्या सूचनेवरून कोणताही भरणा होणार नाही. खजिनदार आधी ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करील, आणि दुसऱ्या पदाधिकाऱ्याची सही झाल्यावरच पैसा हलेल. पत्र अध्यक्षांच्या नावाने आले असले तरीही हाच नियम. आणि असा फोन आल्यावर अध्यक्षांनी रागावू नये, हेही त्याच ठरावात लिहून ठेवावे.