वेल्डिंगचे मशीन घेण्यापूर्वी



लोखंडाला लोखंड जोडण्याची विद्या आपल्या गावाला काही नवी नाही. दोन तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवायचे आणि ऐरणीवर घणाखाली एकजीव करायचे, ही लोहाराची रीत फार जुनी. दिल्लीच्या मेहरौलीतला सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभही लोखंडाचे गोळे असेच तापवून, ठोकून घडवलेला आहे. आज त्या भट्टीच्या शेजारी विजेचे मशीन आले. पण ते घेताना, कर्ज काढून दुकान टाकणारा तरुण हमखास गोंधळतो. विक्रेता विचारतो, "दोनशे अँपियर देऊ की चारशे?" आणि हा म्हणतो, "मोठंच द्या, पुढं उपयोगी पडेल." पैसा फसतो तो इथेच.

म्हणून मशीनचा विचार मागाहून करू. आपल्याकडे काम कोणते येणार, ते आधी पाहा. खिडक्यांचे गज, फाटके, ट्रॉलीची दुरुस्ती, नांगर, कुळव, पत्र्याच्या शेडचे कैचे, गावात येणारे बहुतेक काम हेच. त्याला साधे रॉडचे वेल्डिंग पुरते. रॉड टेकवून किंचित उचलला की मधल्या फटीतून वीज उडी घेते. तोच आर्क. लोखंड सुमारे १,५४० अंशांना वितळते आणि आर्कची उष्णता त्याच्या तिपटीहून अधिक, तेव्हा दोन्ही कडा आणि रॉड मिळून क्षणात पाणी होतात. रॉडवरचा लेप शोभेचा नव्हे, बरे का! तो जळून धूर होतो आणि हवेला दूर ठेवतो. उरलेला भाग खरपुडीसारखा वर बसतो. त्याला स्लॅग म्हणतात. रॉड ओला असेल तर सांध्यात बारीक छिद्रे राहतात, म्हणून पावसाळ्यात पुडा उघडा टाकू नये.

गॅसचे वेल्डिंग, म्हणजे ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत, पातळ पत्र्याला आणि पितळेच्या जोडाला सोयीचे. लोखंड कापायलाही तीच नळकांडी उपयोगी पडतात. मात्र ऑक्सिजनच्या तोटीला तेलाचा हात लावू नका. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की पेट घेतात. मिग मशीनमध्ये तार आपोआप पुढे येते आणि वायूचे आवरण नळीतून मिळते. काम झपाट्याने होते, पण उघड्या अंगणात वारा तो वायू उडवून नेतो, म्हणून हे बंदिस्त कारखान्यातले साधन. टिग हे नाजूक हाताचे काम. दुधाच्या स्टीलच्या भांड्यांना आणि ॲल्युमिनियमला ते हवे. गावच्या पहिल्या दुकानाला या दोहोंची घाई नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता विजेचा हिशेब करू. गुरुजनांनी तो फळ्यावर मांडून दाखवावा. नेहमीचा ३.१५ मिलिमीटरचा रॉड ११० ते १२० अँपियरवर नीट जळतो. त्या वेळी आर्कवर साधारण २५ व्होल्ट असतात. म्हणजे जवळजवळ तीन किलोवॉट नुसत्या आर्कलाच गेले. मशीनमधली घट धरली तर २३० व्होल्टच्या एका फेजवरून ते २० अँपियरहून अधिक खेचते. घरातला मोठा प्लग असतो १५-१६ अँपियरचा! मग प्लग वितळला, शेजाऱ्याचे दिवे मंदावले, याचे नवल कसले? वेगळी जाड वायर, वेगळा स्विच आणि चांगले अर्थिंग, हा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा. शेतीपंपाच्या जोडणीवर दुकान चालवणे नियमात बसत नाही, आणि तिथली तीन फेज वीजही ठराविक तासच असते.

ट्रान्सफॉर्मरचे मशीन जड आणि वीज जास्त खाणारे, पण धूळ सोसते आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. इन्व्हर्टर हलका. खांद्याला अडकवून शेतावर नेता येतो आणि विजेतही बचत करतो. त्याचा शत्रू एकच, ग्राइंडरचा लोखंडी भुसा. पंखा तो आत ओढतो आणि आतली पट्टी जळते. म्हणून ग्राइंडर लांब चालवा. मशीनच्या पाटीवर अँपियरच्या शेजारी टक्के छापलेले असतात, ते जरूर वाचा. २०० अँपियरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विसावा. नुसतेच '२००' लिहिले असेल आणि टक्के नसतील, तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

काही कामे मात्र मशीन कितीही चांगले असले तरी नाकारावीत. स्प्रिंगचा तुटलेला पाटा जोडू नका. उष्णतेने त्याचे पाणी उतरते आणि तो शेजारी पुन्हा तुटतो. डिझेलचे रिकामे पिंप म्हणजे तर वाफेने भरलेला बॉम्बच. उसाच्या ट्रॉलीचा हूक जोडताना कडा तिरप्या घासा, तळापासून थरावर थर भरा आणि दर थराचा स्लॅग काढा. वरून लोण्यासारखा दिसणारा सांधा आतून पोकळ असला, तर चढावर भरलेली ट्रॉली सुटते आणि मागे माणसे असतात.

शिक्षकांना एक विनंती. दुकान शाळेच्या वाटेवर असेल तर आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे मुलांना बजावून सांगा. त्या वेळी काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते.

खरेदीला जाताना पिशवीत आपले रॉड आणि दोन जाड पट्ट्या घेऊन जा. विक्रेत्यासमोर पाठोपाठ चार रॉड जाळा. मशीन मध्येच थांबते का, रॉड चिकटतो का, ते पाहा. मग सांधा शिकंज्यात धरून हातोड्याने मोडा आणि तुटलेल्या कडेत छिद्रे किंवा काळा स्लॅग दिसतो का, ते बघा. विक्रेता कुरकुरला, तर दुसरे दुकान गाठा.