वाघोलीच्या खडीतील निळे खनिज : कॅव्हन्साइट

(शिक्षक, पंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काळा दगड महाराष्ट्रात इतका विपुल आहे की त्याच्याकडे थांबून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. घराच्या जोत्यापासून किल्ल्याच्या बुरुजापर्यंत आणि पाट्या-वरवंट्यापासून रस्त्यावरील खडीपर्यंत तो सर्वत्र आहे. याच काळ्या दगडाच्या पोटात, पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर असलेल्या वाघोली येथे, जगातील एक अत्यंत दुर्मिळ खनिज सापडले. त्याचे नाव कॅव्हन्साइट. पृथ्वीवर ते मोजक्याच ठिकाणी आढळते. मात्र निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांत त्याचे जे सुंदर नमुने मांडलेले दिसतात, त्यांपैकी बहुतेक वाघोलीचे आहेत. ते मिळाले खडीसाठी फोडलेल्या दगडातून, म्हणजे दुसऱ्याच कामासाठी चाललेल्या श्रमातून. म्हणूनच या खनिजाचे गुणधर्म व वर्गीकरण सांगताना त्याच्या नोंदीचा प्रश्नही आपल्यापुढे मांडावा, असे मी ठरविले आहे.

एका मूलद्रव्याची दोनदा ओळख

कॅव्हन्साइटचा निळा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे येतो. या धातूचा इतिहास बोधप्रद आहे. १८०१ साली मेक्सिकोत आंद्रेस मान्वेल देल रिओ या खनिजशास्त्रज्ञाला सिमापान येथील शिशाच्या एका खनिजात नवे मूलद्रव्य असल्याचे आढळले. त्याची लवणे तापविली असता तांबडी होत, म्हणून त्याने त्यास एरिथ्रोनियम असे नाव दिले. परंतु १८०५ साली एका फ्रेंच रसायनज्ञाने ते मूलद्रव्य म्हणजे अशुद्ध क्रोमियमच होय, असा निर्वाळा दिला आणि देल रिओनेही तो मान्य केला. पुढे १८३० साली स्वीडनमध्ये सेफस्ट्रम याला लोखंडात एक नवे मूलद्रव्य आढळले. व्हॅनाडिस या नॉर्स देवतेच्या नावावरून त्याने त्याचे नाव व्हॅनेडियम ठेवले. १८३१ साली व्होलर याने सिद्ध केले की देल रिओचे आणि सेफस्ट्रमचे मूलद्रव्य एकच आहे. तोवर पहिले नाव मागे पडले होते. वस्तू हाती आली, पण तिची ओळख पक्की टिकली नाही, म्हणून एक शोध तीस वर्षे हरवला.

व्हॅनेडियमच्या खनिजांचे वर्गीकरण

व्हॅनेडियमच्या संयुजा अनेक आहेत आणि संयुजेबरोबर त्याचा रंग पालटतो. विद्रावात दोन संयुजांचे व्हॅनेडियम जांभळे, तीनचे हिरवे, चारचे निळे आणि पाचचे पिवळे दिसते. खनिजांतही ही विविधता उतरलेली आहे.

या खनिजांचे तीन प्रमुख गट आज आपण ध्यानात घेऊ. पहिला गट ऑक्साइडांचा. फिनलंडमध्ये सापडलेले काळे कॅरेलियनाइट हे तीन संयुजांच्या व्हॅनेडियमचे ऑक्साइड होय, तर ज्वालामुखीच्या वाफा जेथून बाहेर पडतात तेथे तयार होणारे शेर्बिनाइट हे पाच संयुजांचे. दुसरा गट व्हॅनेडेटांचा. यात व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन यांचा संयोग शिशासारख्या धातूशी झालेला असतो. तांबड्या रंगाचे व्हॅनेडिनाइट हे त्याचे परिचित उदाहरण. तिसरा गट सिलिकेटांचा. आपले कॅव्हन्साइट या गटातील आहे.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. कॅव्हन्साइटमध्येही व्हॅनेडियम ऑक्सिजनशी जोडलेलेच आहे, मग त्याला ऑक्साइड का म्हणू नये? याचे उत्तर असे की, खनिजाचा वर्ग ठरविताना त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत एवढेच पाहून भागत नाही. त्यांची रचना कशी आहे हेही पाहावे लागते. घरात लोखंडाच्या खिडक्या आहेत म्हणून आपण दगडी घराला लोखंडी घर म्हणत नाही. कॅव्हन्साइटचा सांगाडा सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या चौफलकांच्या थरांचा आहे. या थरांना कॅल्शियम आणि व्हॅनेडियम-ऑक्सिजनची जोडी एकत्र बांधतात, आणि मधल्या जागेत पाण्याचे रेणू राहतात. म्हणून त्याची गणना थरांच्या सिलिकेटांत होते.

गुणधर्म आणि ओळख

त्याचे नावच त्याचे रासायनिक संघटन सांगते. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते तयार झाले आहे. शंभर ग्रॅम शुद्ध खनिजात सुमारे ११ ग्रॅम व्हॅनेडियम आणि सुमारे १६ ग्रॅम पाणी असते. त्याचा रंग तेजस्वी निळा ते हिरवट निळा असून चमक काचेसारखी आहे. स्फटिक समचतुर्भुजी समूहातील आहेत. काठिण्य ३ ते ४, म्हणजे चाकूच्या पात्याने त्यावर सहज ओरखडा उमटतो. विशिष्ट गुरुत्व सुमारे २.२ ते २.३ इतके कमी आहे. वाघोलीला बारीक स्फटिकांचे गोल झुबके किंवा फुलोरे पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले आढळतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील ही निळाई एकदा पाहिलेला मनुष्य ती विसरत नाही.

निळे दिसणारे प्रत्येक खनिज मात्र कॅव्हन्साइट नव्हे. तांब्याचे निळे खनिज अॅझुराइट हातात बरेच जड लागते आणि सौम्य आम्लाच्या थेंबाने फसफसते. कॅव्हन्साइट फसफसत नाही. अर्थात त्याच्या शेजारी कॅल्साइट असल्यास ते फसफसेल, म्हणून थेंब कोठे पडला हे पाहिले पाहिजे.

त्याहून कठीण परीक्षा त्याच्या भावंडाची आहे. पेंटागोनाइट या खनिजाचे रासायनिक संघटन अगदी हेच. पण सांगाड्यातील चौफलकांची गुंफण निराळी. कॅव्हन्साइटमध्ये चार व आठ चौफलकांची कडी असतात, तर पेंटागोनाइटमध्ये सहांची. एकाच संघटनाची अशी दोन रूपे असण्याला द्विरूपता म्हणतात. पेंटागोनाइटचे लांबट स्फटिक यमलनाने एकत्र येऊन पाच टोकांच्या चांदणीसारखा छेद दाखवितात. त्यावरून त्याचे नाव पडले. तेही वाघोलीस सापडते आणि कॅव्हन्साइटहूनही दुर्मिळ आहे. दोन्ही खनिजे प्रथम अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात आढळली. त्यांचे शास्त्रीय वर्णन स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. त्याच दशकात पुण्याजवळील नमुन्यांची नोंद झाली आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाघोलीचे विपुल नमुने जगापुढे आले.

काळ्या दगडात निळाई कशी आली?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचा हा खडक बनला. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून व भेगांतून ऊन पाणी खेळले. त्याने खडकातील द्रव्ये विरघळवून आणली आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अॅपोफिलाइट यांसारखी खनिजे तेथे जमली. बेसाल्टात व्हॅनेडियम दशलक्ष भागांत काहीशे भाग एवढेच असते. ते पाण्यातून एका जागी यावे, त्याची संयुजा चारच राहावी, आणि जवळ कॅल्शियम व सिलिका असावी, असा योग क्वचितच जुळतो. या खनिजाच्या दुर्मिळतेचे मर्म यात आहे.

व्हॅनेडियम पोलादाला बळकटी देते आणि गंधकाम्लाच्या निर्मितीत त्याचे ऑक्साइड उत्प्रेरक म्हणून वापरतात, हे खरे. परंतु कॅव्हन्साइट हे त्याचे धातुक नव्हे. ते इतके थोडे आहे की त्यापासून धातू काढण्याचा विचारही करता येणार नाही. त्याचे मोल ज्ञानाचे आहे, आणि संग्राहकांच्या बाजारात उत्तम नमुन्याला चांगली किंमतही येते.

आपले कर्तव्य

बांधकामाचा दगड कायद्याने गौण खनिज आहे. त्याच्या परवान्यात आणि स्वामित्वधनाच्या हिशेबात ब्रास मोजले जातात. पोकळीतला स्फटिक मोजला जात नाही. सुरुंग उडतो, दगड यंत्रात जातो आणि तासाभरात त्याची खडी होते. आज जे नमुने शिल्लक आहेत ते खाणकामगारांच्या तीक्ष्ण नजरेमुळे वाचले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु कित्येक नमुने कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून आले याची नोंद राहिली नाही. ठिकाण हरवलेला नमुना शोभेचा खडा होतो. अभ्यासाला त्याचा उपयोग फार थोडा. शिवाय २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली आहे. शहर वाढते तेव्हा जुन्या खाणी बुजतात आणि त्यांवर इमारती उभ्या राहतात. बुजलेली खाण पुन्हा वाचता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली शिक्षकांसाठी : शाळेच्या कपाटातील प्रत्येक दगडाला चिठ्ठी लावा, तीवर गाव, गट क्रमांक, खाणीतील खोली, दिनांक आणि देणाऱ्याचे नाव लिहा. मात्र मुलांना चालू खाणीत कधीही नेऊ नका. नमुना शाळेत येऊ द्या. दुसरी पंचायत सदस्यांसाठी : आपल्या हद्दीतील खाणीत वेगळे खनिज दिसल्यास जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला कळवा, आणि ते प्रथम पाहणाऱ्या कामगाराचे नाव त्या पत्रात अवश्य घाला. तिसरी अधिकाऱ्यांसाठी : खाण बंद करताना, सुरक्षित असेल तेथे, खडकाची एखादी भिंत अभ्यासासाठी उघडी ठेवण्याचा विचार व्हावा. लोणार सरोवराला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळाला आहे. प्रत्येक खाणीला तसा मान मिळणार नाही, पण एका भिंतीपुरती आस्था आपण नक्कीच दाखवू शकतो.

देल रिओच्या हाती मूलद्रव्य होते, पण नाव टिकले नाही. आपल्या हाती खनिजही आहे आणि त्याचे नावही. उरली आहे ती नोंद; आणि ती करायला वहीचे एक पान व थोडी दक्षता एवढे पुरेसे आहे.