फोटो कुणाचा?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फोटोग्राफीचा व्यवसाय करतात.)



मला भाषणाची सवय नाही. माझं काम लोकांना गप्प उभं करायचं. अडखळले तर सांभाळून घ्या. तुमच्यातल्या एकीनं मला आधीच टोकलं, की प्री-वेडिंगच्या फॅडावर तू काय बोलणार, तू तर त्यावरच पोट भरतेस. खरं आहे. पोट भरते म्हणूनच काही गोष्टी जवळून दिसल्या, त्या सांगते.

आमच्याकडे पूर्वी लग्नाआधी फोटो निघायचा तो एकट्या मुलीचा. मागे रंगवलेला पडदा, बाजूला प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, अंगावर मावशीची साडी. पोस्टकार्ड साइजच्या तीन कॉप्या काढायच्या आणि त्या पाहुण्यांच्या हातून गावोगाव फिरायच्या. पसंती नाही आली तर फोटो परत येईलच असं नाही. माझ्या आईचा असा एक फोटो इंदापूर तालुक्यात कुणाच्या घरी राहिला, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती हे हसून सांगायची, पण वरचेवर सांगायची. जोडीचा फोटो निघायचा तो अक्षता पडल्यावर. नवरा खुर्चीत बसलेला, बायको उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर.

साखरपुडा झाला, लग्न अजून व्हायचंय, अशा दोघांना घराबाहेर उघड्यावर नेऊन फोटो काढायचे, हे आमच्या भागाला नवीन. माझ्यासाठीही तेव्हा नवीनच होतं.

मी बारामतीत एका स्टुडिओत कामाला होते. सहा वर्षं माझ्याकडे ‘लेडीज साइड’. म्हणजे हळद, डोहाळजेवण, बारसं आणि नवरीची खोली. मांडवाबाहेरचं सगळं पुरुष फोटोग्राफरांचं. बाई कॅमेरा घेऊन रानात कशाला जाईल, असं मालकाचं म्हणणं. मग एका मुलीच्या वडिलांनी अट घातली. पाहुणे म्हणतायत तर फोटो काढा, पण फोटोवाली बाई पाहिजे. मालकानं नाइलाजानं मला गाडी दिली, मोठी लेन्स दिली. मला बाहेरचं काम मिळालं ते माझ्या हुशारीमुळे नाही, मुलीच्या बापाच्या अब्रूच्या धाकानं मिळालं. पुढे वाचनात आलं, की हे जुनंच आहे. लाला दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादला पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पडद्यामुळे एका बाईला कॅमेरा मिळाला. आणि होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, २०११ साली ज्यांना पद्मविभूषण मिळालं, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. माझे स्टुडिओच्या नावानं जायचे. असो.

ठिकाण ठरलं पळसदेव. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, आणि मग तिथं माणसांची रीघ लागते. ज्यांची घरं गेली ती म्हातारी माणसं येतात, आणि आता आमच्यासारखे कॅमेरेवालेही येतात. मे महिना होता. पहाटे साडेचारला बारामती सोडली, भिगवणवरून सोलापूर रस्त्याला लागलो. गाडीत नवरदेव, त्याची वहिनी, मुलगी, आणि राखण म्हणून मुलीचा बारावीतला भाऊ.

स्टुडिओत उजेड माझ्या हातात असतो. बाहेर तसं नाही. साडेआठनंतर ऊन डोक्यावर चढतं, डोळ्यांखाली काळ्या खाचा दिसायला लागतात. जे करायचं ते दोन-अडीच तासांत. त्यात कपडे बदलायला जागा नाही. मुलीला भाड्याचा लांब गाऊन आणलेला, तो तिनं आयुष्यात पहिल्यांदा घातला. गाडीचं दार उघडून वहिनीनं आणि मी ओढण्या धरल्या, त्या आडोशाला ती बदलली. नवरदेव उघड्यावर शर्ट बदलून मोकळा. लघवीला जायचं म्हणून ती सकाळपासून पाणी प्यायली नव्हती, हे मला नंतर कळलं. मोर्च्याला जाताना आपण सगळ्या हेच करतो की नाही?

आणि मी काय करत होते? ‘नवरदेव, जरा जवळ या. हात खांद्यावर. ताई, वर बघा. हसा.’ साखरपुड्याला दीड महिना झालेला, तोवर ती त्याला ‘अहो’ म्हणायला लागली होती आणि तो तिला ‘तू’. दोघं एकमेकांशी चार माणसांत सोडून कधी बोललेच नव्हते, हे माझ्या लक्षात आलं ते लांबच्या लेन्समधून. ओठ दिसत होते. मी ‘हसा’ म्हटलं की ती हसायची, आणि हसू विरलं की तेच वाक्य पुन्हा सुरू करायची. मी दर वेळी मधेच तोडत होते.

ती नर्स. एका दवाखान्यात कामाला. ती विचारत होती, ‘माझी ड्यूटी महिन्यातनं दहा दिवस रात्रीची असती. तुमच्यात चालंल का?’

मी बॅटरी बदलायची आहे म्हणाले. भावाच्या हातात थर्मोकोलचा तुकडा दिला, ज्यानं आम्ही उन्हाचा उजेड तोंडावर परतवतो, आणि त्याला माझ्याबरोबर लांब नेला. वहिनींना पाण्यात शिरलेल्या मच्छीमारांच्या होड्या दाखवल्या. अर्धा तास दोघं देवळाच्या पायरीवर बसली होती. काही शब्द वाऱ्यावर कानावर आले, नाही म्हणत नाही. नवरदेव सांगत होता, ‘बायोडाटात पाच एकर लिवलंय, पण ते तिघा भावांत हाय.’ हे त्यानं आपण होऊन सांगितलं. मुलगा वाईट नव्हता. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, ती पोरं मनातून धास्तावलेली असतात. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून पोरांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, आठवत असेल. पण रात्रपाळीचं उत्तर त्यानं दिलं ते असं: ‘आईला विचारतो.’

त्या अर्ध्या तासात मी लांबून एकच फोटो काढला. दोघांत हातभर अंतर, ती बोटांवर काहीतरी मोजून सांगतेय, तो मान खाली घालून ऐकतोय. मला तो सगळ्यात आवडला. मालकानं बाजूला टाकला. म्हणाला, ह्यात कुणी हसत नाही. निवडला तो मी हुकूम देऊन काढलेला, कपाळाला कपाळ लावलेला. तोच मोठा करून दुकानाच्या काचेत लागला, स्टुडिओच्या जाहिरातीत गेला, आणि फोनाफोनांवर फिरला.

लग्न दिवाळीनंतर होतं. ते झालं नाही. मुलाच्या घरच्यांनी निरोप धाडला, की रात्रीची नोकरी आमच्यात चालत नाही, लग्नाआधी राजीनामा द्यावा. मुलीनंच मोडलं. वडिलांनी दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं. पण ती ठाम होती, कारण तिनं विचारलेलं होतं आणि त्याला उत्तर द्यायला वेळ मिळालेला होता.

एका दुपारी ती आणि तिची आई स्टुडिओत आल्या. काचेतला फोटो काढा म्हणाल्या. मालक म्हणाला, पैसे पाहुण्यांनी दिलेत, त्यांचं पत्र आणा. आई रडायला लागली. नंतरचं एक स्थळ बोलणी चालू असताना मागे फिरलं होतं. ती लोकं म्हणाली, ती ‘फोटोतली पोरगी’ ना? मुलाच्या नव्या स्थळानं मात्र काही विचारलं नव्हतं. फोटोत दोघं होती, नाव पडलं एकीला.

मी त्या दिवशी काच उघडून फोटो काढला आणि नोकरीही गेली. त्यात शौर्य काही नव्हतं, मला घरी येऊन धडकीच भरली.

मग आपल्या गटातल्या वकीलताईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते तुम्हीही ऐकून ठेवा. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याचं कलम १७. दुसरा काही करार नसेल, तर पैसे देऊन जो फोटो काढून घेतो तो त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक. म्हणजे काढणारी मी मालक नाही. स्टुडिओवालाही नाही, त्यामुळे त्यानं न विचारता काचेत लावला हेच मुळात चूक. मालक, ज्यांनी पैसे मोजले ते. आणि जिचं तोंड त्या फोटोत आहे तिचं नाव ह्या कलमात कुठेच नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलंय, त्याच्या आधारानं भांडता येतं. पण इंदापूरच्या खेड्यातली मुलगी त्यासाठी किती दिवस कोर्टात जाणार?

शेवटी मी आणि गटातल्या दोघी मुलाच्या घरी गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो. आई आत गेली ती बाहेरच आली नाही. मुलानं चहा सांगितला, आम्ही लिहून नेलेला कागद दोनदा वाचला आणि सही केली. ‘तिला सांगा, माझ्याकडचे पण पुसलेत,’ म्हणाला. पत्र पाहून स्टुडिओनं बाकीचे काढले. लोकांच्या फोनमध्ये गेलेले ते गेलेच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. हे फॅड बंद करावं का? भोपाळला २०१९ साली गुजराती, जैन, सिंधी समाजांच्या संस्थांनी प्री-वेडिंगवर बंदीचे ठराव केले. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातलं हुंड्याचं प्रकरण राज्यभर गाजलं, त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता आली. वऱ्हाडी कमी, डीजे नको, हुंडा नको, आणि त्याच दमात प्री-वेडिंग नको. खर्चाबद्दल त्यांचं बरोबर आहे. गाऊनचं भाडं, गाडी, ड्रोन, शेवटी हे सगळं फिरून मुलीच्या बापाच्याच यादीवर चढतं. मी स्वतः ड्रोन ठेवलेला नाही. पण त्या बैठकांत खर्चाच्या मागून दुसरं एक वाक्य हळूच येतं, लग्नाआधी दोघं बाहेर जातात हे बरं दिसत नाही. तिथं मी अडते. हुंडा आणि फोटो एका पंगतीत बसवता, तेव्हा पोरीचं बाहेर पडणं हाही गुन्हा धरता. आपल्यातल्याही काही जणी हा सगळा बाजार आहे म्हणून नाक मुरडतात. बाजार आहेच. पण कांदेपोह्याला दहा माणसांसमोर ‘काही विचारायचंय का?’ म्हटल्यावर कुठली मुलगी विचारते? तिला तो अर्धा तास दुसरीकडे कुठं मिळतो, ते मला सांगा. महात्मा फुल्यांनी १८८७ साली सत्यशोधक लग्नाचा विधी छापला, त्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वधू बायकांचे हक्क मागते. भर मांडवात, सगळ्यांदेखत. आपण अजून देवळाच्या पायरीवर, भावाला लांब नेऊन, एवढ्यावरच आहोत.

आज माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. अशी कामं मी घेते, पण माझ्या पद्धतीनं. आधी दोघांच्या वयाचा दाखला बघते. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पुरा नसेल तर काम घेत नाही, आणि गावातल्या अंगणवाडीताईंना सांगून ठेवते. त्यापायी दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. कपडे बदलायला जागा असेल असंच ठिकाण धरते. कुंभारगावच्या काठावर एक ओळखीचं घर आहे, तिथं संडासही आहे. पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीत. घरचे विचारतात, म्याडम, काय चाललंय? मी म्हणते, उजेड यायचाय. आतापर्यंत कुणी आकाशाकडे बघून वाद घातला नाही.

आणि एक कागद करते. पैसे कुणीही देवो, फोटो दोघांचे. दोघांना वेगळी कॉपी, मुलीची तिच्या हातात, भावाच्या नाही. दोघांच्या सहीशिवाय जाहिरात नाही, काचेत नाही. लग्न मोडलं, तर दोघांपैकी एकानं जरी सांगितलं तरी माझ्याकडचे सगळे पुसायचे. ‘लग्न मोडलं तर’ ह्या शब्दांवर घरची माणसं हमखास बिथरतात, अभद्र बोलू नका म्हणतात. मुली मात्र तेच वाक्य थांबून वाचतात.

त्या कागदाच्या पन्नास झेरॉक्स बाहेर टेबलावर ठेवल्यात. तुमच्या गावच्या फोटोग्राफरला द्या, मुलींच्या बैठकीत वाचा. वकीलताईंनी तिसऱ्या ओळीत एक दुरुस्ती सांगितली होती, ती मी पेनानं केली आहे. काही कॉप्यांत राहून गेली असेल, तेवढी बघून घ्या.