कलम आणि कुळागर



पणजीच्या चर्चसमोरील नगर उद्यानास गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. या पोर्तुगीज वैद्याने येथील वनस्पती व औषधी यांविषयी लिहिलेला संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच मुद्रित झाला, आणि त्यात आंब्याचेही वर्णन आहे. गोव्याचे फळ चार शतकांहून अधिक काळ ग्रंथांत व बाजारांत मानाने वावरत आले आहे. परंतु ते पिकविणारा मनुष्य मात्र आपल्या मुलाने हाच व्यवसाय करावा असे म्हणावयास कचरतो. फळबागेवर संसार उभा राहू शकतो काय, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह आहे.

पेडणे व डिचोली या तालुक्यांत तर तो निकडीचा झाला आहे. डिचोलीत २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा खाणीवर विसंबलेल्या अनेक घरांचे उत्पन्न एकाएकी आटले. पेडण्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले, आणि ज्या डोंगरउतारावर काजू उभा आहे त्याला झाडांपेक्षा भूखंड म्हणून अधिक मोल येऊ लागले. एका बाजूस बाहेरची मिळकत क्षणभंगुर असल्याचा अनुभव, दुसऱ्या बाजूस जमीन विकण्याचा मोह. या दोहोंच्या मध्ये आजचा तरुण उभा आहे.

या व्यवसायाचे मूळ भांडवल जमीन व पाणी हे खरे. तथापि तितकेच मोठे भांडवल म्हणजे विद्या. आंब्याची कोय पेरली असता मातृवृक्षाचेच फळ येईल असा भरवसा नसतो. तो भरवसा कलमाने येतो. जेझुइट पाद्र्यांनी कलम बांधण्याची कला गोव्यात रुजविली, आणि त्यातूनच आफोंस ऊर्फ हापूस, मुसराद, फेर्नांदीन अशा जाती नावारूपास आल्या. ज्याच्या सालीच्या फिकट रंगामुळे पोर्तुगिजांनी त्याला ‘मालकोराद’, म्हणजे वाईट रंगाचा, असे हिणविले, तोच मानकुराद आज गोमंतकीयांच्या जिव्हेवरचा राजा आहे. २०२३ साली त्यास भौगोलिक मानांकनही लाभले. ब्राझीलहून आलेल्या काजूची कथा निराळी. तो येथे बियांपासून डोंगरोडोंगरी पसरला. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांच्या उत्पन्नातही जमीनअस्मानाचे अंतर पडते. कलमी काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरू लागतो आणि कोणत्या झाडापासून काय अपेक्षावे हे आधीच सांगता येते.

तेरेखोल नदीच्या पलीकडे पाहिले म्हणजे या विद्येचे महत्त्व ध्यानी येते. वेंगुर्ल्यास १९५७ साली फळ संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे काजूच्या अनेक जाती सिद्ध झाल्या आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून झालेला ‘रत्ना’ आंबा १९८१ साली प्रसृत झाला. पुढे १९९० च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने फळबाग लागवडीची योजना रोजगार हमीशी जोडली, आणि कोकणातील कित्येक ओसाड कातळ हिरवे झाले. माती तीच, पाऊस तोच. गोव्यातही जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्था १९७६ पासून कार्य करीत आहे. ज्ञान दाराशी आहे. ते उंबरठ्याच्या आत घेणारा हवा.

येथे एका घातक प्रथेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. बहुतेक जुन्या बागांचे मालक मोहोर दिसताच झाडे मक्त्याने देऊन मोकळे होतात. मक्तेदाराचा संबंध जूनच्या पहिल्या पावसाबरोबर संपतो. खत घालणे, वाळकी फांदी छाटणे, खोडकिडा शोधणे यात त्यास स्वारस्य नसते. मालकास रोकड मिळते, पण तुडतुडे केव्हा येतात, भुरी कशी ओळखावी, फळ झेल्याने देठासकट कसे उतरावे, हे ज्ञान त्याच्या घरात येत नाही. हंगामाच्या आरंभी मानकुरादाचा डझन हजारो रुपयांस विकला जातो आणि मेअखेर तो भाव कोठच्या कोठे घसरतो. हा सारा चढउतार त्याच्या दृष्टीआड घडतो. असा मनुष्य झाडांचा धनी असेल, बागायतदार नव्हे.

दुसरी अडचण प्रतीक्षेची. दहा मीटर अंतराने आंबा लावला तर एका हेक्टरात शंभर झाडे बसतात, आणि ती संसारास हातभार लावू लागेपर्यंत सहा-सात वर्षे लोटतात. या काळात खावयाचे काय? याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी कुळागरात देऊन ठेविले आहे. डोंगराच्या पायथ्याशी, झरीचे पाणी पाटाने खेळवून, त्यांनी उंच माड व पोफळी, त्यांवर मिऱ्याचे वेल, मध्ये केळी, तळाशी अननस आणि कडेला फणस व भिरंड अशी रचना केली. केळ वर्षाभरात घड देते, अननस दीड-दोन वर्षांत, मिरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पोफळ त्यानंतर. एका पिकाचा भाव पडला तर दुसरे सावरून धरते. हीच रीत आंब्या-काजूच्या नव्या बागेस लावता येते. तिळारीच्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचते तेथे ती अधिकच सुकर आहे.

एवढे करूनही वाट निष्कंटक नाही. अवकाळी पाऊस एका रात्रीत मोहोर काळा करतो. माकडे व गवे उभी बाग उद्ध्वस्त करतात. याहून मोठे संकट घरातलेच असते. वडिलोपार्जित बाग दहा हिश्शांत अविभक्त राहते, त्यातले सात हिस्सेदार मुंबईस वा परदेशी असतात, आणि म्हातारे झाड तोडून नवे लावण्याची संमती कोणीच देत नाही. मग एके दिवशी सगळ्यांचे एकमत होते, ते विक्रीवर. भातशेती बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून गोव्यात २०२३ साली कायदा झाला. परंतु डोंगरउतारावरील बागेचे रक्षण मुख्यतः तिच्या मालकांच्या निश्चयावर अवलंबून आहे. जो भाऊ गावी राहून बाग कसावयास सिद्ध आहे, त्याच्या नावे ती दीर्घ मुदतीने लेखी करून द्यावी, एवढे औदार्य इतरांनी दाखविले तरी अनेक बागा वाचतील.

मठाच्या मंडपात फलत्यागाचा उपदेश नित्य होत असतो. त्याचा अर्थ हिशेब सोडणे असा नव्हे. बागायतदाराने पैपैचा हिशेब ठेवावा, आणि तरीही आपल्या हयातीत पूर्ण वाढणार नाही असे एखादे झाड दरवर्षी लावावे. चतुर्थीला घरोघरी गणपतीच्या मस्तकावर माटोळी बांधली जाते. तीत नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड आणि रानातली फळे मोठ्या भक्तीने टांगली जातात. यांपैकी किती वस्तू आपल्या भाटात पिकल्या आणि किती बाजारातून आणाव्या लागल्या, हे प्रत्येक कुटुंबाने त्या दिवशी मोजून पाहावे. हा आकडा जेथे वाढत जाईल, तेथे फळबागायत जिवंत आहे असे समजावे.